सकाळची पहिली पंधरा मिनिटं : पंचवटीतल्या एका सोसायटीच्या पाण्याचं प्रकरण

राखीपौर्णिमेच्या आसपास गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गंगेला पूर आला. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती हे सेंटिमीटरमध्ये कुणी विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, एवढंच विचारतात. त्या दिवशी ते कमरेपर्यंत होतं. नळाचं पाणी दोन दिवस मातकट आलं. सगळ्यांनी तुरटी फिरवली, फडकं दुहेरी केलं, दोन दिवस उकळून प्यायले, आणि पाणी निवळल्यावर उकळणं बंद केलं.

आठवड्यानंतर, गोकुळाष्टमीला, ए विंगमधल्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना उलट्या-जुलाब सुरू झाले. पोळ्यापर्यंत बारा जण आजारी होते. लोकांनी निष्कर्ष काढून टाकला की पुराचं पाणी बाधलं. मीही तोच काढला होता.

मी याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहते. एकतीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे पाण्याचं काही निघालं की सेक्रेटरी माझी बेल वाजवतात. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की त्यात पाणी तपासण्याच्या जवळजवळ सगळ्या चुका होऊन गेल्या, आणि त्यातली पहिली चूक माझी होती.

सोसायटी आणि तिचं पाणी

इमारती दोन, प्रत्येकी सोळा फ्लॅट, वय तीसच्या पुढे. नळजोडण्याही दोन, प्रत्येक विंगला स्वतंत्र. रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीवरून फेरूल (जोडणीचा तुकडा) काढून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप आत येतो, जमिनीखालच्या टाकीत पडतो, तिथून मोटरीने गच्चीवर आणि गच्चीवरून घरोघरी. तळमजल्यावरच्या दोन-दोन फ्लॅटना टाकीत न जाता थेट नळही आहे. पाणी सकाळी साडेपाचला येतं आणि सातच्या सुमाराला जातं.

शहराचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं. जोडीला मुकणे आणि दारणा. बारा बंगला, पंचवटी, निलगिरी बाग, गांधीनगर, शिवाजीनगर, नाशिकरोड, विल्होळी अशी शुद्धीकरण केंद्रं आहेत. तिथे तुरटी, निवळण, वाळूच्या गाळण्या आणि शेवटी क्लोरीन हे सगळं होतं आणि मोजलंही जातं. केंद्रातून निघालेलं पाणी जलकुंभात जातं, जलकुंभातून गल्लीत, गल्लीतून आमच्या पाइपात. तो शेवटचा वीस-पंचवीस मीटरचा पाइप आमचा. त्याच्याकडे कुणी पाहायचं, हे मात्र कुठल्याही बैठकीच्या इतिवृत्तात सापडलं नाही.

भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालची आवृत्ती, पिण्याच्या पाण्याबद्दल तीन गोष्टी स्पष्ट सांगते. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जिवाणू सापडता कामा नये, एकही नाही. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यायचा. आणि वापरणाऱ्याच्या नळाला मुक्त, म्हणजे घाणीत खर्ची न पडलेलं, क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवं. विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. यातलं तिसरं कलम आपल्याकडे ‘वास येतो’ या तक्रारीपुरतंच लोकांना माहीत असतं. वास येतोय तोवर बरं चाललंय, हे मी वर्गात सांगायचे. गंमत म्हणजे ए विंगच्या काकू महिनाभर कौतुकाने सांगत होत्या, “हल्ली आमच्या पाण्याला औषधाचा वास अजिबात येत नाही.”

टीडीएस ११८

पोळ्याच्या दोन दिवस आधी सेक्रेटरी एक पेन घेऊन माझ्याकडे आले. आरओ विकणाऱ्या माणसाने दिलेला टीडीएस मीटर. “मॅडम, ११८ आलाय. पाचशेपर्यंत चालतो ना? म्हणजे पाणी झकास आहे.”

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. बोअरचं पाणी जड आहे का, चहाच्या पातेल्याला पांढरा थर का बसतो, हे कळायला तो ठीक. बादलीभर पाण्यात चिमूटभर मैला कालवला तरी त्या पेनावरचा आकडा दखल घेण्याइतका हलणार नाही. रोगजंतू वीज वाहून नेत नाहीत, आणि हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच पाहतं. त्याच माणसाने दोन कांड्या पाण्यात बुडवून तपकिरी गाळ काढून दाखवण्याचा खेळही केला होता. तो गाळ कांडीच्या लोखंडाचा असतो. असो.

त्याआधी एका सभासदाने खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला होता. अहवाल दोन पानांचा, रंगीत, शिक्क्यासह : पीएच, कठीणता, क्लोराइड, नायट्रेट, लोह, सगळं मर्यादेत. जिवाणूंची चाचणी त्यात नव्हतीच, कारण मागितली नव्हती. प्रयोगशाळेची त्यात काही चूक नाही, जे मागाल ते ते तपासतात. नमुना मात्र बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतून, दुपारी, स्कूटरच्या डिकीतून गेला होता. जिवाणूंची चाचणी मागितली असती तरी तिच्यावर मी विश्वास ठेवला नसता.

आता माझी चूक. मी घरातलं जुनं ओटी किट काढलं. ऑर्थोटोलिडीनचे थेंब पाण्यात टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, गडद तितकं जास्त. (ते रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून आता गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी वापरतात. माझ्याकडे जुनं उरलेलं होतं. तपासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं, हात धुवायचे, आणि मुलांच्या हाती बाटली लागू द्यायची नाही.) नळ सोडला, पाणी घेतलं, छान पिवळं आलं, ०.३ च्या आसपास. मी सेक्रेटरींना सांगून टाकलं की पाण्यात क्लोरीन आहे, पाण्याचा काही संबंध दिसत नाही, कुणाकडच्या तरी गोडधोडाचा असेल.

नळ माझ्या स्वयंपाकघरातला होता. बी विंगचा. आजारी माणसं ए विंगमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी दळण आणायला निघाले तेव्हा जिन्यात हे लक्षात आलं आणि खरंच कानशिलं तापली. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर प्रॅक्टिकलच्या वहीवर लाल शेरा दिला असता.

दारोदार

पोळ्याच्या संध्याकाळी वही घेऊन बत्तीस घरं फिरले. साथीच्या तपासात यापेक्षा स्वस्त हत्यार नाही. विचारायचं एवढंच : कोण आजारी, कधीपासून, पिण्याचं पाणी कुठलं.

बाराजणांपैकी अकरा ए विंगचे. बी विंगमध्ये एकच, नऊ वर्षांचा मुलगा. पुराचं पाणी बाधलं असतं तर दोन्ही विंगांना बाधायला हवं होतं, गल्लीला हवं होतं, मुख्य वाहिनीवरच्या दोनशे घरांना हवं होतं. गल्लीत कुणीच आजारी नव्हतं. शिवाय पाणी गढूळ आलं त्या दोन दिवसांत सगळ्यांनी उकळून प्यायलं होतं, आजार आला तो पाणी काचेसारखं झाल्यावर. तिथे माझा पुराचा सिद्धान्त संपला.

ए विंगमध्ये आरओ असलेल्या पाच घरांत फक्त एक आजारी, तेच पहिल्या मजल्यावरचे आजोबा. सूनबाई म्हणाल्या, “आम्ही सगळे फिल्टरचं पितो. दादांना त्या पाण्याने तहान भागत नाही. त्यांचा माठ वेगळा, नळाखाली भरतात.” जारचं पाणी घेणाऱ्या दोन घरांत कुणालाच काही नाही. बी विंगमधला तो मुलगा? त्याची आई शपथेवर सांगत होती की बाहेरचं काही खाल्लेलं नाही. खाल्लं नव्हतंच. तो रोज पहाटे शिकवणीला ए विंगच्या तळमजल्यावर जायचा आणि तिथल्या थेट नळाला तोंड लावून पाणी प्यायचा.

त्या थेट नळामुळे पेच वाढला. मला वाटत होतं गच्चीवरच्या टाकीत काही पडलं असेल, कबुतर-बिबुतर. पण थेट नळाचं पाणी टाकीला शिवतच नाही. म्हणजे दोष टाकीच्या अलीकडे, रस्ता आणि टाकी यांच्या मध्ये कुठेतरी. एका शाळकरी पोराच्या तहानेने जागा अर्ध्याहून कमी केली.

साडेपाच ते सव्वासहा

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी मी, सेक्रेटरी आणि वॉचमन ए विंगच्या तळमजल्यावरच्या नळाशी स्टुलावर किट मांडून बसलो. वॉलमन गल्लीच्या तोंडाशी चावी फिरवून आमच्याकडे आला. वीस वर्षं हीच चावी फिरवतोय. त्याला विचारलं, पाणी कसं येतं?

“मॅडम, पहिल्यांदा पाणी येतच नाही. हवा येते. लाइन भरायला वेळ लागतो ना. त्यात तुमची मोटर टायमरवर, साडेपाचलाच सुरू. ती काय ओढणार? जे मिळेल ते ओढते.”

ए विंगने दोन वर्षांपूर्वी प्रेशर कमी येतं म्हणून नळाच्या पाइपावरच मोटर बसवली होती. मुख्य वाहिनीवरून थेट ओढणारी. हे नियमात बसत नाही, हे बसवणाऱ्यालाही माहीत असतं आणि बसवून घेणाऱ्यालाही. बी विंगला गरज पडली नव्हती.

दर पाच मिनिटांनी एक नळी भरली.

५.३५ : थेंब टाकले, पाणी पांढरंच राहिलं. मुक्त क्लोरीन असेल तर रंग दहा सेकंदांच्या आत येतो. नाही आला. मी नळी टाकून देणार होते, पण सवयीने स्टुलावर उभी करून ठेवली. पाचेक मिनिटांनी सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, ही पिवळी होतीय बघा.”

अगदी फिकट, लिंबाच्या सरबताइतकी. उशिरा येणारा रंग हा मुक्त क्लोरीनचा नसतो. अमोनियाला धरून बसलेल्या, म्हणजे संयुक्त क्लोरीनचा असतो. गंगापूरच्या शुद्ध केलेल्या पाण्यात एवढा अमोनिया असायचं कारण नाही. तो येतो लघवीतून, मैल्यातून. केंद्रातून निघालेलं क्लोरीन वाटेत कुठेतरी घाणीशी झुंजून खर्ची पडलं होतं, आणि त्या झुंजीची खूण नळीत पिवळी होऊन उभी होती.

५.४० : तेच. ५.४५ : तेच, किंचित कमी. ५.५० ला नळाचा आवाज बदलला, फुसफुस थांबून धार भरीव झाली. ५.५५ : लगेच पिवळं, ०.२. सव्वासहाला ०.५. सुंदर, मानकात बसणारं, अहवालाला लावावं असं पाणी. त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी घेतलेल्या नळीतही ०.५.

सकाळी साडेसहाला येऊन कुणीही, कितीही प्रामाणिकपणे नमुना घेतला असता, तरी ए विंगचं पाणी पास झालं असतं. मोठ्या शहरांत नमुने किती घ्यायचे याचा एक जुना ठोकताळा आहे : एक लाखाच्या वर लोकसंख्या असेल तर दर १० हजार माणसांमागे महिन्याला निदान एक. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजारांचं होतं, म्हणजे महिन्याला दीडशे नमुने. आता शहर त्याहून बरंच मोठं आहे, तेव्हा आकडा वाढवून धरा. तरी त्यातला एखादा आमच्याच इमारतीत, आमच्याच नळाला, तोही ५.३० ते ५.५० मध्ये पडण्याची शक्यता काय? हा ठोकताळा केंद्र आणि मोठ्या वाहिन्या सांभाळायला केलेला आहे आणि त्या कामाला तो पुरतो. घरातल्या पाइपाचं भोक शोधायला तो कुणी केलेलाच नाही.

सातला पाणी जाताना पुन्हा तपासलं. सहा पन्नासनंतर क्लोरीन परत शून्य. मोटर सव्वासातपर्यंत टायमरवर, रिकामा पाइप चोखत.

गच्चीवरच्या टाकीत क्लोरीन नाही हे मी आदल्या दिवशीच पाहिलं होतं. साठवलेल्या पाण्यातलं उडून जातं, अशी स्वतःची समजूत घातली होती. बी विंगच्या गच्चीवर मात्र, तेवढ्याच जुन्या टाकीत, ०.२ होतं. दोन्ही टाक्या शेजारी ठेवून पाहायला कुणी हात धरला नव्हता.

बाटल्या आणि बर्फ

जिवाणूंचा नमुना नीट घ्यायचा ठरवला. सरकारी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या आणल्या. त्यांच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते बाटली विसळून घालवायचं नसतं. ते कशाला? पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते जिवाणू मारत राहतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. थायोसल्फेट क्लोरीनला जागीच थांबवतं. स्पिरिटच्या बोळ्याने नळाचं तोंड जाळलं. नेहमीच्या पद्धतीत नंतर एक-दोन मिनिटं पाणी वाहू देतात. इथे मला पहिलंच पाणी हवं होतं, म्हणून पहिली बाटली लगेच भरली, दुसरी सव्वासहाला, तिसरी गल्लीच्या तोंडाशी, चौथी बी विंगला. आइस्क्रीमच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून दहाच्या आत पोहोचवल्या. सहा तासांच्या आत काम सुरू व्हावं असा संकेत आहे.

प्रयोगशाळेचा निकाल यायला तीन-चार दिवस लागणार. मॅकॉन्की माध्यमाच्या जांभळ्या नळ्या ३७ अंशांवर दोन दिवस, मग पुढची खात्री ४४ अंशांवर. जिवाणूंना घाई करता येत नाही. तोवर मी घरी एच-टू-एसच्या तीन बाटल्या भरल्या. आत रसायन लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी घालायचं आणि उबदार जागी ठेवायचं, मैल्यातल्या जिवाणूंच्या जमातींनी हायड्रोजन सल्फाइड सोडला की पाणी काळं पडतं. प्रयोगशाळेइतकी पक्की चाचणी नाही, पण काही रुपयांत घरी होते. फ्रिजच्या डोक्यावर, मोटरीची ऊब लागते तिथे, ओळीने ठेवल्या. रात्री साडेनऊला तिन्ही स्वच्छ. सकाळी चहा ठेवायला उठले तर ‘ए, ५.३५’ लिहिलेली शाईसारखी काळी. शेजारच्या दोघी नितळ.

तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. जे काम माझं दोन दिवसांचं बोलणं करू शकलं नव्हतं, ते त्या बाटलीने नऊच्या आत केलं. मोटर बंद, ए विंगचा नळ बंद, पिण्याचं पाणी बी विंगमधून, तेही खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवून.

चेंबर

भोक कुठे आहे हे शोधायला प्लंबरने आधी अख्खं अंगण खणायचा बेत सांगितला, दराचा आकडाही सांगितला. वॉलमनने एक साधी युक्ती काढली. मोटर बंद ठेवून ए विंगचा नळ पूर्ण दाबाने चालू करायचा आणि पाइपाच्या वाटेवरची ड्रेनेजची झाकणं उघडून बघायची.

तिसऱ्या चेंबरमध्ये काळं पाणी काठोकाठ तुंबलेलं होतं. नळाला दाब आला तसा त्या काळ्या पाण्यात एका कोपऱ्यातून स्वच्छ पाण्याचा झरा उसळू लागला, वर बुडबुडे. सगळे वाकून बघत राहिले. शेवटी एका काकूंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, “म्हणजे हे आम्ही पीत होतो?”

चेंबर उपसल्यावर दिसलं. नळाचा जीआय पाइप चेंबरच्या भिंतीतून आरपार गेला होता. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी जवळचा रस्ता पाहून घातलेला. पाइपाच्या पोटाला, खालच्या बाजूने, करंगळी जाईल एवढं भोक, कडा गंजून कागदासारख्या पातळ. भोक नवं नव्हतं, वर्ष-दोन वर्षांचं सहज असेल. मग आत्ताच का? एरवी मैलापाणी चेंबरच्या तळातून वाहून जायचं, पाइप वर कोरडा लटकायचा. भोकातून थोडं पाणी गळायचं आणि गटारात जायचं, कुणाला पत्ता नाही. श्रावणात पुढच्या वळणावर जुनं पायपुसणं आणि पिंपळाच्या मुळ्या अडकून ड्रेनेज तुंबलं. पाइप बुडाला. दाब असेल तेव्हा पाणी भोकातून बाहेर, दाब नसेल आणि मोटर ओढत असेल तेव्हा चेंबर आत.

प्लंबरने कापलेला तुकडा हातात दिला. आतून गंजाचे इतके पापुद्रे चढले होते की पाऊण इंची पाइपात पेन्सिल जेमतेम जाईल. प्रेशर कमी येत होतं ते याच्यामुळे. पाइप बदलायला हवा होता, त्याऐवजी मोटर बसवली. मोटरीने त्याच गंजाच्या भोकातून घाण आत ओढली. दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीचं इतिवृत्त काढून पाहिलं. “पाइप बदलण्याचा खर्च जास्त असल्याने मोटर बसवण्याचे सर्वानुमते ठरले.” सर्वानुमतेमध्ये मीही होते.

हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी नवा एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप पडला, दुसऱ्या बाजूने, वेगळ्या चरातून. पाण्याची आणि मैल्याची लाइन यांच्यात तीन मीटर अंतर ठेवावं, ओलांडावंच लागलं तर पाणी वरून न्यावं, असा दंडक आहे. आमच्या अंगणात तीन मीटर जेमतेम निघाले. खर्च कुणाचा यावर बी विंगने ‘आमचा काय संबंध’ म्हणून पाहिलं. ते प्रकरण इथे लिहिण्यासारखं नाही.

टाकी धुण्याचा हिशेब मात्र लिहिते, कारण तो बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे करतात. जमिनीखालची टाकी २० हजार लिटरची. नुसतं रोजचं निर्जंतुकीकरण पुरणार नव्हतं, भिंतींना घाण लागली होती. लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने १ किलो क्लोरीन. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन धरलं तर तीन किलो पावडर. वॉचमनच्या खोलीत एक उघडं पोतं पडलेलं होतं, सेक्रेटरी म्हणाले हीच वापरू. हवा लागलेली पावडर म्हणजे जवळपास चुना. नवी सीलबंद आणली. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घातलं. रात्रभर ठेवलं, सकाळी सगळं उपसून टाकलं, दोनदा खळबळून धुतलं. गच्चीवरच्या टाकीला तसंच. नंतर भरलेल्या पाण्यात ०.५ येईपर्यंत कुणी प्यायचं नाही असं ठरलं, आणि गणपती बसले त्या सकाळी ०.५ आलं.

त्याच दिवशी अहवाल मिळाला. ए विंग, पहिलं पाणी : सगळ्याच नळ्या पॉझिटिव्ह, संख्या तक्त्याच्या बाहेर, ई. कोलाय आहे. बाकी तिन्ही नमुन्यांत काही नाही. बरोबर होता, आणि कामाचा नव्हता. त्याच्या भरवशावर बसलो असतो तर ए विंगने आणखी चार दिवस तेच पाणी प्यायलं असतं. दोन मिनिटांत होणारी क्लोरीनची चाचणी ही खरी पहारेकरी. जिवाणूंचा अहवाल पंचनाम्यासारखा, नंतर येणारा.

तुळशीच्या लग्नापर्यंत

जुलाब थांबले म्हणून लोकांनी मिटलं असं धरलं. मला धास्ती काविळीची होती. मैल्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही दोन दुखणी सावकाश येतात : ए ला साधारण महिना, ई ला दोन ते दहा आठवडे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत जी काविळीची साथ आली, तिच्यात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेचं पाणी उचलण्याच्या जागीच मैलापाणी मिसळलं होतं. केंद्रात क्लोरीन वाढवलं होतं, टायफॉइडची साथ काही आली नाही, विषाणू मात्र निसटला. पुढे तो हिपॅटायटिस ई होता हे साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं. म्हणून ई. कोलाय मेला की सगळं मेलं असं धरता येत नाही.

ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी होती, सातवा महिना. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतू शकतो. तिच्या आईला मी हे जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि लगेच वाटलं की नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती माउली रोज सकाळी मुलीला खिडकीपाशी नेऊन डोळे तपासायची. डॉक्टरांना आधी सांगून ठेवलं. दहा आठवडे मोजले तर ते तुळशीच्या लग्नाच्या पुढे-मागे संपत होते.

दसऱ्याच्या आसपास दोघांना कावीळ झाली, दोघेही चाळिशीचे पुरुष, आरओ नसलेल्या घरांतले. महिनाभर अंथरुणावर होते, बरे झाले. मुलीला काही झालं नाही. दिवाळीनंतर ती बाळंत झाली, मुलगा.

आता ए विंगच्या जिन्याखाली खिळ्याला एक वही लटकते. डीपीडीच्या गोळ्यांचं किट शेजारच्या कोनाड्यात. रोज दोन नोंदी : पाणी आल्या आल्या तळमजल्यावरच्या थेट नळाला, आणि अर्ध्या तासाने चौथ्या मजल्यावरच्या शेवटच्या फ्लॅटला. पहिल्या नोंदीचा आकडा पहिल्या महिन्यात ०.२, ०.२, ०.३ असा सलग आहे, वॉचमनच्या अक्षरात, कधी पेन्सिलने. दुरुस्तीसाठी शनिवारी पाणी बंद राहिलं की रविवारी पहिलं पाणी सर्वांत जपून तपासायचं, कारण लाइन चोवीस तास रिकामी असते. हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

काल वही पाहिली. गेल्या चार रविवारांपैकी दोन रकाने कोरे. वॉचमन म्हणाला, “मॅडम, रविवारी सुट्टी असते ना माझी.”